धूळ, क्षार आणि पुन्हा खोललेले इंजिन

परभणी जिल्ह्यातील इंजिनांचा इतिहास वाफेपासून सुरू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग निजामाच्या राज्यातून गोदावरीच्या खोऱ्याने गेला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके त्या मार्गावर आली. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला, पूर्णा जंक्शन झाले आणि तिथे वाफेच्या इंजिनांची लोको शेड चालू लागली. या शेडला सर्वांत जास्त त्रास दिला तो पाण्याने. बेसाल्टच्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उकळले की ते नळ्यांच्या आतून पापुद्रा धरतात, पापुद्र्यातून उष्णता नीट जात नाही आणि नळी जळते. यावर रेल्वेचा उपाय साधा आणि कडक होता. इंजिन तक्रार करो वा न करो, ठरलेल्या दिवशी बॉयलर थंड करायचा, झाकणे उघडायची, आतून धुवायचा आणि तशी नोंद करायची.

हेच पाणी पुढे मोटारींच्या रेडिएटरमध्ये गेले, पण धुण्याचा ठरलेला दिवस मात्र मोटारींबरोबर आला नाही. जिल्ह्यातील मोटारींच्या वारंवार होणाऱ्या बिघाडांचा बराचसा भाग या फरकात आहे.

रेल्वेच्या जोडीने कापूस होता. सेलू, मानवत, परभणी या बाजारांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते. त्यांतील यंत्रे आधी वाफेवर आणि नंतर तेलाच्या इंजिनांवर चालली. किर्लोस्करवाडीत १९२६ साली देशी डिझेल इंजिन तयार झाले, १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि मग विहिरीवरचे इंजिन हळूहळू गावोगाव पोचले. मोटार दुरुस्त करणाऱ्या पहिल्या पिढीला शाळा होत्या त्या या तीनच: रेल्वेची शेड, जिनची इंजिनखोली आणि विहिरीचा काठ. विहिरीवरचे इंजिन एका जागी, एका वेगाने, जवळजवळ ठरलेल्या ओझ्यावर चालते. मोटारीचे इंजिन सतत वेग बदलते, चढावर दमते, उतारावर मोकळे पळते आणि रस्त्यावरचे सगळे आत ओढून घेते. एकीकडे शिकलेला हात दुसरीकडे थोडा फसतोच.

सार्वजनिक वाहतुकीची मोटार इथे आली ती रेल्वेच्याच हाताखाली. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. प्रवासी वाहतूक सरकारने स्वतः चालवण्याचा देशातील हा पहिला प्रयत्न मानला जातो. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या आणि १९३२ ची एक अल्बियन हैदराबादेत आजही जतन केलेली आहे. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा असल्याने जिल्ह्याची मोटारवाहतूक या चौकटीत वाढली. बस रेल्वेची असल्यामुळे देखभालीची शिस्तही काही प्रमाणात रेल्वेची होती. खाजगी मोटार मालकाच्या ऐपतीवर चाले, खात्याची बस नोंदवहीवर.

त्या काळच्या पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन कमी असे, वेग कमी असे आणि धातूही जाडजूड असे. चुकीचे तेल, अर्धवट भरलेला रेडिएटर, ढिला फॅनबेल्ट हे सगळे ते काही काळ सोसत असे. त्याची कमजोरी होती हवा. मुरमाच्या रस्त्यावर पुढे एखादी बैलगाडी जरी असली तरी मागच्या गाडीला धुळीच्या ढगातून जावे लागे. परभणीची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पृष्ठभागावर भुकटी होते आणि चाकाबरोबर उठते. त्यात मुरमाचा आणि खडीचा चुरा मिसळला की सिलिंडर घासायला उत्तम मसाला तयार होतो. ज्या कणांची जाडी पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या थराएवढी असते, ते सर्वांत घातक. त्याहून मोठा कण गाळणीत अडकतो, फार बारीक कण तेलाबरोबर तरंगून जातो. मधल्या मापाचा, म्हणजे साधारण पाच ते वीस मायक्रॉनचा कण दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतो आणि दोन्हीकडून धातू खरवडतो.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले आणि देशभर मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूला कोळशाची भट्टी असे. अर्धवट जळणाऱ्या लोणारी कोळशातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाळून, थंड करून इंजिनात सोडला जाई. ताकद एक तृतीयांशाने, कधी त्याहून जास्त घटे आणि चढ आला की प्रवाशांना उतरावे लागे. इंजिनाच्या दृष्टीने मात्र खरी हानी राखेची आणि डांबरासारख्या चिकट्याची होती. गाळणी नीट साफ न केलेल्या गाडीत राख सिलिंडरमध्ये जाई, व्हॉल्व्ह चिकटत, रिंगा खाचेत अडकून बसत. इंजिन खोलून साफ केले की काही आठवडे ठीक चाले, मग पुन्हा तेच. वारंवार होणाऱ्या बिघाडाचे हे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. कारण इंजिनाच्या बाहेर, भट्टीच्या गाळणीत असते. परिणाम आत दिसतो. दुरुस्ती परिणामाची होते. युद्ध संपल्यावर कोळशाच्या भट्ट्या भंगारात गेल्या, पण दुरुस्तीची ती सवय गेली नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५१ रोजी रस्ते वाहतूक विभाग रेल्वेकडून हैदराबाद राज्य सरकारकडे आला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये मुंबई, मराठवाडा व विदर्भ या तिन्ही भागांची सरकारी बसवाहतूक एकत्र होऊन महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. परभणी हा त्याचा एक विभाग. प्रशासनाच्या या उलथापालथीत इंजिनाच्या बाबतीत घडलेली मोठी गोष्ट वेगळीच होती. याच दहा-पंधरा वर्षांत पेट्रोल गेले आणि डिझेल आले.

बदल दोन वाटांनी झाला. एक म्हणजे जुन्या पेट्रोल ट्रकांचे इंजिन उतरवून त्या जागी पर्किन्स पी-६ हे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवणे. दुसरी वाट नव्या गाड्यांची. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघू लागले आणि मद्रासच्या अशोक लेलँडच्या गाड्याही त्याच दशकात रस्त्यावर आल्या. बंगळूरला १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीमुळे इंधनपंप आणि नोझल देशातच मिळू लागले. त्याशिवाय डिझेल तालुक्याच्या गावापर्यंत पोचले नसते.

डिझेल इंजिनाने बिघाडाचे स्वरूप बदलले. स्पार्क प्लग, कॉइल, काँटॅक्ट पॉइंट यांची रोजची कटकट संपली. पण इंधनपंपाच्या प्लंजरची आणि त्याच्या नळकांड्याची फट दोन-तीन मायक्रॉनची असते. तिथे कापडाने गाळलेले डिझेल चालत नाही. पिंपातून रबरी नळीने तोंडाने ओढून डबड्यात काढलेले डिझेल टाकीत ओतले की धूळ आणि पाणी दोन्ही पंपापर्यंत पोचतात. नोझल थेंबथेंब गळू लागते, फवाऱ्याऐवजी धार पडते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन काढते आणि रिंगा झिजतात. गाडी काळा धूर सोडते, तेल पिते. मालक रिंगा बदलतो. नोझल तेच राहते. सहा महिन्यांनी त्याच सिलिंडरच्या रिंगा पुन्हा जातात आणि दोष रिंगांच्या कंपनीवर जातो. टाकी रिकामी होऊन लाइनने हवा धरणे हा मात्र निरुपद्रवी प्रकार. नळीचा बोल्ट सैल करून हातपंप मारला की गाडी पुन्हा चालू होते. प्रवाशांना मात्र मोठा बिघाड वाटतो तो हाच, कारण गाडी भर रस्त्यात थांबते.

एसटीने बिघाड मोजण्याचे एक माप ठेवले होते आणि ते देशातील सगळ्याच राज्य परिवहन संस्था वापरतात: दर दहा हजार किलोमीटरमागे मार्गात झालेले बिघाड. माप साधे असले तरी त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट होते. एका गाडीचा बिघाड हा नशिबाचा भाग राहत नाही, आगाराचा आकडा होतो. आगारात ठराविक किलोमीटरनंतर तेल बदलले जाते आणि मोठे काम निघालेले इंजिन उतरवून विभागीय कार्यशाळेत तयार ठेवलेले दुसरे बसवले जाते. उतरवलेले इंजिन मग सवडीने खोलता येते. खाजगी ट्रकमालकाला ही सवड कधीच नव्हती. त्याची गाडी उभी म्हणजे हप्ता थकला.

एअर क्लीनरचा इतिहास इथे थोडा सविस्तर पाहावा लागतो, कारण जिल्ह्यात इंजिने ज्या कारणांनी अकाली झिजली त्यांत धुळीचा वाटा मोठा आहे. जुन्या ट्रक, जीप आणि ट्रॅक्टरांना ऑईल बाथ क्लीनर असे. आत येणारी हवा तळाच्या तेलावर आपटून वळते, धूळ तेलात बसते, उरलेली ओल्या जाळीला चिकटते. ही रचना धुळीच्या प्रदेशाला फार सोयीची होती, एका अटीवर: तेल बदलले पाहिजे आणि पातळी खुणेवर असली पाहिजे. उन्हाळ्यात शेतात किंवा कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत काही दिवसांतच तळाला चिखल साठतो. तो काढला नाही की हवा तेलाला न लागता वरून निघून जाते. काटकसर म्हणून इंजिनातून काढलेले काळे तेलच त्यात ओतण्याची पद्धत होती. ती तशी वाईट नव्हती, वेळेवर ओतले तर.

कागदी फिल्टर आल्यावर प्रश्न उलटा झाला. कागद बारीक धूळही अडवतो, परंतु तो धुण्यासाठी नसतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने त्यावर जोराची हवा मारली की घड्यांत सूक्ष्म चिरा पडतात. फिल्टर दिसायला स्वच्छ होतो आणि कामाला निरुपयोगी. त्याहून छुपा दोष फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीत असतो. नळी उन्हाने तडकते, क्लिप सैल होते आणि इंजिन फिल्टरला वळसा घालून तिथून धूळ ओढते. अशा गाडीत कितीही चांगल्या रिंगा घातल्या तरी त्या टिकत नाहीत. झिजलेले सिलिंडर हातात घेणाऱ्या जाणत्या मिस्त्रीला ते कळते, कारण धुळीने झिजलेल्या सिलिंडरला वरच्या टोकाशी ठळक कड येते आणि पहिली रिंग बाकीच्या रिंगांच्या मानाने फार पातळ झालेली असते. पण निदान करण्याचे पैसे मिळत नाहीत, रिंग बदलण्याचे मिळतात.

पाण्याचे प्रकरण यापेक्षा संथ आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटरमधले पाणी उडते, चालक रस्त्याकडेच्या हातपंपावरून नवे भरतो आणि प्रत्येक भरणीबरोबर थोडे क्षार आत येतात. पाणी उडून जाते, क्षार राहतात. टंचाईच्या वर्षांत बोअर खोल गेले, तसे पाणी आणखी जड झाले. आधी रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, मग हेडमधल्या पाण्याच्या वाटा. चौथ्या किंवा सहाव्या, म्हणजे पंपापासून सर्वांत लांबच्या सिलिंडरला पाणी कमी पोचते आणि तिथे हेड जास्त तापते. हेड वाकते, गॅस्केट उडते, पाणी तेलात उतरते.

गॅस्केट बदलणे हे एका दिवसाचे काम. त्याबरोबर हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेणे, रेडिएटर उतरवून त्याची वरची-खालची टाकी उघडणे, नळ्यांत सळई घालून त्या साफ करणे, ब्लॉकच्या पाणवाटा खरवडणे हे सगळे करायचे तर आठवडा. उभ्या गाडीचे भाडे बुडते म्हणून गॅस्केट तेवढे बदलले जाते. काही महिन्यांत त्याच जागी ते पुन्हा उडते. मग जाड गॅस्केट, दोन गॅस्केट एकावर एक, शेलॅकचा लेप असे उपाय येतात, आणि ते सगळे मूळ दोषापासून आणखी दूर नेतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धतही उष्णतेच्या भीतीतून आली. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देता आतच फिरवायचे आणि सुमारे ऐंशी अंशांना वाट मोकळी करायची, हे थर्मोस्टॅटचे काम. तो अडकला तर गाडी तापते. म्हणून गॅरेजमध्ये तो काढून फेकला जाई आणि गाडी खरेच थंड चालू लागे. चालक खूश होई. पण परभणीत थंडीही कडक पडते. डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली जातो. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन अशा सकाळी तासभर गरम होत नाही. इंधन नीट जळत नाही, तेलात पाण्याची वाफ थिजते, गाळ धरतो.

त्यात डिझेलमधला गंधक. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. गंधक जळून होणारा वायू थंड सिलिंडरच्या भिंतीवर वाफेशी मिळून आम्ल बनतो आणि रिंगा व लायनर खातो. उन्हाळ्यात वाचवलेले इंजिन अशा रीतीने हिवाळ्यात झिजत असे. ही झीज दिसे दोन वर्षांनी, त्यामुळे तिचा संबंध काढलेल्या थर्मोस्टॅटशी कोणी लावत नसे.

इंजिनकामाचा व्यवसाय या सगळ्यावर उभा राहिला. जिल्ह्यात वर्कशॉपांची वस्ती बसस्थानक, मोंढा आणि मोठ्या रस्त्यांच्या नाक्यांभोवती झाली. कल्याण–निर्मल हा महामार्ग पाथरी, मानवत, परभणीवरून नांदेडकडे जातो आणि त्याच्या कडेने टपऱ्या, वेल्डिंग, पंक्चर, पाटा-कमान, डिझेल पंप-नोझल अशी कामाची विभागणी दिसते. इंजिनमिस्त्री वेगळा, खरादवाला वेगळा, पंपाचा कारागीर वेगळा. शिक्षण उस्तादाच्या हाताखाली होई. पोरगा आधी नटबोल्ट धुतो, मग हेड उतरवतो, मग कधीतरी बेरिंग घट्ट करायला मिळते. परभणीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निघालेली मुले नंतर या कामात आली, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे ट्रॅक्टर व शेती-अवजारांचे अभियांत्रिकी शिक्षणही जिल्ह्यात आले. गॅरेजची भाषा आणि रीत मात्र उस्तादांचीच राहिली.

या व्यवसायाचे कौशल्य खोटे नव्हते. सुटे भाग न मिळणाऱ्या काळात घासून, भरून, ठोकून गाडी चालवणे हे मोठेच काम आहे. तरीही पुन्हापुन्हा फुटणारे इंजिन बहुधा याच टेबलावर तयार होत असे, आणि त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

झिजलेले सिलिंडर बोअर करून मोठे करतात आणि त्यात वाढीव मापाचा पिस्टन घालतात. मापे इंचाच्या हजाराव्या भागात बोलली जातात: वीस, तीस, चाळीस. चाळीसनंतर स्लीव्ह. क्रँक त्याउलट घासून बारीक करतात: दहा, वीस, तीस, चाळीस, आणि त्या मापाचे बेरिंग घालतात. दहा म्हणजे पाव मिलिमीटर. चालू इंजिनात बेरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलासाठी असलेली फट याहून कितीतरी कमी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असते. म्हणजे घासणारा कारागीर कितीही तयारीचा असला तरी माप मायक्रोमीटरने घ्यावे लागते, अंगठ्याने नाही.

बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची यंत्रे मोठ्या शहरांत असत. तालुक्याच्या गावाहून क्रँक पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावर जाई आणि घासून परत येई. येताना तो कुठे आपटला, वाकला, हे तपासायला डायल गेज गॅरेजमध्ये नसे. घासताना जर्नलच्या, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यातली गोलाई राखली नाही तर तिथे ताण साठतो आणि क्रँक काही हजार किलोमीटरवर तुटतो. वरचा कडक केलेला थर घासण्यात गेला तर खालचा मऊ धातू लवकर झिजतो. घासल्यावर तेलाच्या छिद्रांत धातूची भुकटी राहते. ती डिझेलने वरवर धुतली, छिद्रांचे प्लग काढून सळई फिरवली नाही, तर इंजिन सुरू होताच पहिल्या दाबाबरोबर ती नव्या बेरिंगमध्ये जाते.

हाफ इंजिन हा प्रकार यातून रूढ झाला. पूर्ण इंजिन करायला पैसे नाहीत, म्हणून वरचे तेवढे करायचे: रिंगा, व्हॉल्व्ह, हेड. क्रँक, बेरिंग, तेलपंप तसेच. वरचा भाग नवा झाल्याने कॉम्प्रेशन वाढते, तो वाढलेला भार खालच्या जुन्या बेरिंगवर येतो आणि ते आधीच झिजलेले असल्याने काही महिन्यांत वाजू लागते. याचा अर्थ हाफ इंजिन नेहमीच चूक असे नाही. तेलाचा दाब मोजून, खालचे शाबूत असल्याची खात्री करून केलेले अर्धे काम टिकते. ती खात्री बहुधा होत नसे.

एकच बेरिंग वारंवार जाणे ही सर्वांत बोलकी खूण. तिसरे मेन बेरिंग तीनदा गेले तर दोष बेरिंगमध्ये असणे अवघड. ब्लॉक एकदा तापून वाकलेला असतो, त्यामुळे मेन बेरिंगच्या जागा एका रेषेत नसतात. किंवा त्या बेरिंगकडे जाणारी तेलवाट अर्धी बुजलेली असते. किंवा बेरिंगकॅपच्या जागा बदललेल्या असतात, कारण उतरवताना त्यांवर खूण केलेली नव्हती. कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असला तरी बिगएंड, म्हणजे रॉडचे क्रँककडचे बेरिंग, एका कडेने घासून जाते. जुन्या बेरिंगचे तुकडे टाकून न देता ओळीने मांडून पाहिले तर ते यांतले कोणते कारण आहे ते सांगतात. भंगारात मात्र ते त्याच संध्याकाळी जातात.

स्वीडनच्या वालोडी वायबुल या अभियंत्याने १९५१ मध्ये धातू आणि यंत्रभाग कधी निकामी होतात याचे गणित मांडले. विश्वासार्हतेच्या शास्त्रात ते आजही वापरले जाते. त्याच्या आधारे यंत्राच्या आयुष्याचे तीन टप्पे पाडतात: सुरुवातीचे, बनावटीतील दोषांचे बिघाड, मधला शांत काळ, शेवटची झीज. घाईने बांधलेले इंजिन प्रत्येक वेळी पहिल्या टप्प्यावर परत येते. गाडी जुनी, पण बिघाड नव्या गाडीचे. परभणीच्या रस्त्यावर वर्षातून दोनदा इंजिन खोलणारा ट्रक म्हातारा झालेला नसे. तो कधी मधल्या शांत काळात पोचतच नसे.

१९८० नंतर जीपचे दिवस आले. महिंद्रच्या डिझेल जीपमध्ये प्यूजोचे इंजिन आले, बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचे ओएम ६१६. हे दुसरे इंजिन जर्मनीत टॅक्सीत बसले होते आणि दीर्घायुष्यासाठी नावाजलेले होते. जिंतूर, गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या रस्त्यांवर काळी-पिवळी जीप म्हणून चालताना मात्र त्याची अवस्था वेगळी झाली. परवान्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे, टपावर ओझे, बाजाराच्या दिवशी आणखी ओझे. अशी गाडी वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने रेटली जाते. तेलपंप हळू फिरतो, पिस्टनवर दाब जास्त येतो, पंखा आणि पाणीपंप मंद चालतात. धूर वाढला की ताकद कमी पडते म्हणून पंपाचा स्क्रू उघडून डिझेल वाढवले जाते. ताकद येते, त्याबरोबर उष्णताही. आतला पिस्टन मऊ होऊन लायनरला चिकटतो. गॅरेजमध्ये गाडी येते तेव्हा तक्रार एवढीच असते की इंजिन जाम झाले.

याच सुमारास जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारात पोचले होते. धरणाचे उद्घाटन १९७६ चे. ऊस वाढला आणि गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागल्या. ही वाहतूक थंडीत पहाटे सुरू होते, ओझे दुप्पट असते आणि वाट शेतातली. हंगाम संपला की इंजिनकामांची रांग लागते, हे जिल्ह्यातील कोणताही मिस्त्री सांगेल.

भेसळ हा प्रकार मिस्त्रीच्या आवाक्याबाहेरचा. रेशनचे निळे रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, तोवर दोन्ही एकत्र होणे अटळ होते. रॉकेलमध्ये वंगणगुण कमी असल्याने पंपाचे प्लंजर झिजतात. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले तर इंजिन ठोके देते आणि पिस्टनचा माथा जळू शकतो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि पुढच्या काळात ती परभणीसारख्या गावांतही दिसू लागली. तिच्या लहान तीन सिलिंडरच्या इंजिनाला असे पेट्रोल ॲम्बेसेडरपेक्षा लवकर बाधे. या व्यवहारामागे किती मोठी टोळी होती ते २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीच्या इंधनसाठ्यांच्या परिसरात भेसळखोरांनी जिवंत जाळले.

पुढे डिझेल स्वतःच बदलले. गंधकाची मर्यादा २०१० मध्ये देशभर ३५० पीपीएम, एप्रिल २०१७ मध्ये ५० आणि एप्रिल २०२० मध्ये १० पीपीएम झाली. आम्लाने होणारी झीज जवळजवळ संपली. कॉमन रेल इंजिने आली आणि त्यांच्या इंजेक्टरमधला दाब जुन्या नोझलच्या कितीतरी पट झाला. त्यामुळे ज्या पाण्याच्या थेंबाने पूर्वी गाडी फक्त अडखळायची, त्याने आता महागडा इंजेक्टर जातो. टर्बो तेलावर फिरतो. धावून आलेली गाडी लगेच बंद केली की तिथले तेल जळून कोळसा होते. रेडिएटरमध्ये कूलंट आले, पण कमी पडल्यावर हातपंपाचेच पाणी ओतले जाते. त्यातले क्षार आणि कूलंटमधली रसायने मिळून नवाच गाळ तयार होतो. ॲल्युमिनियमच्या हेडला तापणे बिडाच्या जुन्या हेडइतके सोसत नाही. एकदा वाकले की रंधून फारदा वापरता येत नाही.

जुन्या पद्धतीचे निदान आवाजावर आणि धुरावर चाले. नव्या गाडीत स्कॅनर एखादा कोड दाखवतो आणि त्या कोडाचा सेन्सर बदलला जातो. हवेचा दाब कमी असल्याची सूचना सेन्सरच्या दोषाने येते तशीच ती फाटलेल्या नळीनेही येते, म्हणून नवा सेन्सर बसवूनही दिवा पुन्हा लागतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि त्यातला काही भाग उसापासून येतो. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि त्याचा विचार न करता बनलेल्या कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व डायफ्रॅम फुगवते. फुगलेल्या नळीचे सुटे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. अशा गाडीत जेट साफ करण्याआधी टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या नळ्या बदलाव्या लागतात.